जेवण शेतकऱ्याचे, काम खुर्चीवरचे

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे चालणाऱ्यांचे गाव. इथून दर वर्षी आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. शेतकरी आणि मजूर, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, कपाशी-तुरीच्या शेतात दिवसभर राबतात. पण याच तिवसा तालुक्यातल्या घरांमधली शिकलेली मुले-मुली आता अमरावतीच्या बँकेत, शाळेच्या कार्यालयात, सेतू केंद्रात संगणकासमोर बसतात. मोटारसायकलवर किंवा बसमध्ये बसून जायचे, खुर्चीवर बसून काम करायचे, बसूनच परतायचे आणि रात्री मोबाईल घेऊन पुन्हा बसायचे. अब्बा नांगरामागे चालत होते. मुलगा कारकून झाला, पण ताटातले अन्न मात्र अब्बांच्या काळातलेच राहिले.

याची किंमत घराला मोजावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशीतला कमावता माणूस आजारी पडला, तर औषधांचा खर्च, मुलांच्या फिया आणि बहिणीचे लग्न यांचा हिशेब एकदमच विस्कटतो.

बसून राहण्याचा धोका नवा नाही. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक जिना चढत-उतरत तिकिटे देणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. बस एकच होती, फरक बसण्या-चालण्याचा होता.

कारणही समजण्यासारखे आहे. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. पोटरीचे स्नायू पायातले रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसलो की ही दोन्ही कामे मंदावतात. म्हणून सकाळी अर्धा तास फिरून मग आठ तास जागचे न हलणे पुरेसे नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतके झपाझप चालणे. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असेही दिसले, की रोज तासभर ते सव्वा तास अशी हालचाल करणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ बसण्याचा वाढीव धोका जवळपास नाहीसा होतो.

मग नोकरी सांभाळून काय करावे? अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालावे. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता प्रत्येक वेळी उठून पाणी प्यावे. फोनवर उभ्याने बोलावे. बसमधून एक थांबा आधी उतरावे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. मांड्यांना यापेक्षा स्वस्त व्यायाम नाही. जुहर-असरला मशीद जवळ असेल तर गाडी न काढता पायी जावे. नमाजमधल्या उठण्या-बसण्याने सांधे हलते राहतात, पण ती इबादत आहे. चालण्याची गरज तिच्यावर भागवू नये.

आपल्या वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे चालणे धोक्याचे. फज्रनंतरचा थंड वेळ उत्तम. भगिनींना एकटीने रस्त्यावर फिरणे अवघड वाटत असेल, तर दोघी-तिघींनी मिळून निघावे किंवा गच्चीवर चालावे. घरातल्या पुरुषांनी त्या अर्ध्या तासात मुलांकडे पाहावे, म्हणजे त्यांना वेळ मिळेल. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा साखरेची औषधे सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाची परंपरा आपल्याला परकी नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्याच जिल्ह्यातल्या आपल्या मुलांना जिना चढताना धाप लागू नये, एवढी काळजी तर आपण घेऊ शकतो. आज इशानंतर दस्तरखान उचलला की सगळे घर मिळून दहा मिनिटे चालून येऊ या.