अखंड आस आणि डोंगरवाट

सातपुड्याच्या कुशीतील तुकईथडच्या आम्हां विद्यार्थ्यांस बैलगाडीची आस परिचित आहे. तसाच अखंड अॅक्सल विलिस जीपला पुढे-मागे असे. एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते. म्हणून खडकाळ वाटेवर दोन्ही चाकांची पकड टिकते.

त्या जीपचे लोखंडी पाटे दोन कामे करीत: भार पेलणे व अॅक्सल जागेवर धरणे. पाटे मऊ केले तर अॅक्सल हलतो. कडक केले तर चाक उसळते. यावर उपाय म्हणून भार वेटोळ्या स्प्रिंगांवर सोपवितात आणि अॅक्सल दोन्ही टोकांस फिरणाऱ्या दांड्यांनी चासीशी जोडतात. मग तो वर-खाली मोकळा राहतो, पण पुढे-मागे सरकत नाही. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या मागच्या भागी हीच रचना आहे.

परंतु हे करताना गाडी फार उंच केली, तर तिचा गुरुत्वमध्य वर जातो, ती कलंडण्याचे भय वाढते आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. म्हणून हौसेआधी मोजमाप हवे. गाडीत माणसे बसतात, हे आपण विसरू नये.