धोक्याच्या घंटेचं बिऱ्हाड वेगळं!

मैत्रिणींनो, हल्लीच्या उंच इमारतींत जिन्यात एक लाल पेटी आणि छताला चिकटलेली पांढरी वाटी दिसते ना? पेटीत आगीची वर्दी द्यायचं बटण असतं आणि वाटी धूर ओळखते. हा विषय पुरुषमंडळींचा, असं म्हणू नका. भरदुपारी आग लागली तर घरात असतं कोण? बहुधा आपण, सासूबाई नाहीतर झोपलेलं बाळ!

आमच्या सोसायटीत ही घंटा बसवताना वायरमन म्हणाला, "पंपाच्या आणि दिव्यांच्या पाइपात जागा आहे, घंटेच्या तारा त्यातूनच ओढतो. भिंत फोडायला नको, खर्चही वाचेल." काटकसर म्हटल्यावर सगळ्यांना पटलं, मलाही पटलं.

झालं काय, पाण्याचा पंप सुरू झाला की अधूनमधून घंटा ठणाणा वाजायची. पहिल्या रात्री मुलांना कडेवर घेऊन सगळे खाली धावलो. चौथ्या वेळी कोणी दारसुद्धा उघडलं नाही. शेवटी कोणीतरी वैतागून ती बंदच करून टाकली. पुढे एका दुपारी दुसऱ्या मजल्यावर गॅसवर विसरलेला कुकर करपला आणि जिना धुराने भरला. घंटा मात्र गप्प! शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं.

मग एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी सांगितलेलं सोप्या भाषेत असं : घरातली वीज २३० व्होल्टची. अशा घंटेच्या तारांत साधारण २४ व्होल्टच असतात आणि वीज गेली तरी ती वाजावी म्हणून तिला बॅटऱ्या दिलेल्या असतात. एका पाइपात दोन्ही तारा लांबवर शेजारी राहिल्या, की मोटार सुरू होतानाचा झटका नाजूक तारेत उमटतो. पॅनेलला वाटतं, कुठेतरी धूर झाला!

याहून वाईट म्हणजे तारा ओढताना आवरण खरवडलं किंवा उष्णतेने कडक होऊन तडकलं, तर २३० व्होल्ट घंटेच्या तारेत शिरतात. यंत्रं जळतात आणि हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. शिवाय त्या पाइपातच शॉर्टसर्किट झालं, तर आगीची वर्दी देणारी तारच आधी जळायची!

तेव्हा तुमच्या इमारतीत हे काम निघालं, तर एवढं विचाराच :

१. घंटेच्या तारांना पाइप आणि जंक्शन बॉक्स दोन्ही स्वतंत्र आहेत ना? पाइप वेगळा पण डबा एकच, असं चालत नाही.

२. दोन पाइपांत अंतर ठेवलंय ना? एकमेकांना ओलांडायचेच असतील, तर काटकोनात ओलांडावेत.

३. पॅनेललाही वीज लागतेच. ती तार वेगळ्या भोकातून आणि स्वतःच्या स्विचवरून यावी.

४. घंटेची तार लाल घ्यावी, म्हणजे पुढचा वायरमन चुकून तिला दिवा जोडणार नाही.

५. काम संपल्यावर पंप आणि लिफ्ट चालवून पाहा, घंटा उगाच वाजते का? मग मेन बंद करून बटण दाबा, बॅटरीवर वाजलीच पाहिजे.

या यंत्रणेसाठी आय. एस. २१८९ हे भारतीय मानक आहे. काम त्याप्रमाणेच करून द्या, असं कामाच्या पत्रात लिहून घ्या. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. त्या तपासणीच्या वेळी आपणही शेजारी उभं राहावं, नुसती सही करून मोकळं होऊ नये.

आम्हाला अखेर भिंत फोडावीच लागली. वाचवलेले पैसे गेले आणि वर रंगाचा खर्च आला! पण आता घंटा वाजली, की पुन्हा सगळी दारं उघडतात. बाई गं, त्यासाठीच तर ती बसवली होती!