विदर्भाला ‘स्टोनहेंज’ कशाला हवे?

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर जुनापाणी लागते. तिथल्या बरड माळावर, टेकड्यांच्या उतारावर आणि शेतांच्या कडेने सुमारे ३०० शिळावर्तुळे विखुरलेली आहेत. काही धड, काही अर्धवट, तर काहींचे दगड केव्हाच बांधावर गेलेले. अधूनमधून ‘विदर्भाचे स्टोनहेंज’ असा मथळा झळकतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो: ही प्राचीन वेधशाळा होती का? आज हाती असलेल्या पुराव्यावरून उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. या वर्तुळांच्या पोटातून आणि आसपासच्या वस्त्यांमधून जे निघाले, ते वेधशाळेहून अधिक नवलाचे आहे.

ही तुलना तशी जुनीच. जुनापाणीत उत्खनन करणाऱ्या रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले, तेव्हाच त्याने इथल्या दगडांचे ब्रिटनमधल्या दगडांशी साम्य दाखवले होते. त्याच्याही आधी या वर्तुळांचा नाद लागला तो स्टीफन हिस्लॉपला. नागपूरकरांना तो कॉलेजच्या नावामुळे माहीत असतो, पण हा पाद्री मध्य भारताच्या भूशास्त्राचा आद्य अभ्यासक होता. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटला रिचर्ड टेंपलसोबत शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात तो वाहून गेला. साम्य पाहून हरखणे त्या काळात साहजिक होते, कारण काळ मोजायचे साधनच हाती नव्हते. आज ते आहे. स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. विदर्भातली वर्तुळे साधारण इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली, म्हणजे किमान दीड हजार वर्षांनी नंतरची. शिवाय स्टोनहेंजसारखी वास्तू एकच. इथे मात्र एकेका गावाच्या शिवारात डझनांनी, शेकड्यांनी वर्तुळे आहेत. एका गावाला शंभर वेधशाळा कशाला लागतील?

वेधशाळेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा असा: वर्तुळातल्या अमुक दोन दगडांना जोडणारी रेघ थेट उत्तरायणाच्या सूर्योदयाकडे जाते. जात असेलही, पण जरा हिशेब करू. समजा, एका वर्तुळात १२ दगड आहेत. कुठल्याही एका दगडावरून दुसऱ्याकडे पाहायचे ठरवले, तर १३२ दिशा मिळतात. आता आकाशातली ‘महत्त्वाची’ ठिकाणे मोजा. अयनबिंदूंच्या आणि विषुवदिनाच्या वेळचे सूर्योदय-सूर्यास्त मिळून ६, चंद्राच्या टोकाच्या उदय-अस्ताची ८, एकूण १४. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी २ अंशांची सूट दिली, तर क्षितिजाचे ५६ अंश व्यापले गेले, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा. दगड डोळे मिटून मांडले तरी १३२ पैकी वीसेक रेघा कुठे ना कुठे ‘जुळणारच’. पंचांग घेऊन चिकाटीने बसले की हव्या त्या आठवड्यात मुहूर्त निघतो, त्यातलाच हा प्रकार. आणि २ अंशांची सूट उदार मुळीच नाही. १० मीटर व्यासाच्या वर्तुळात अर्धा मीटर रुंदीचा दगडच समोरून पाहता सुमारे ३ अंश व्यापतो. सूर्यबिंब असते अर्ध्या अंशाचे. इतक्या ढोबळ उपकरणाने कोण कसले वेध घेणार?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे मुद्दाम कोरलेले आहेत, आणि असे दगड वर्तुळात कुठेही न येता ठरावीक दिशांना अधिक आढळतात, असे खगोलाच्या काही अभ्यासकांनी मोजमाप करून मांडले आहे. इथे मागचा हिशेब लागू पडत नाही, कारण दिशा आपण निवडत नाही, ती कोरणाऱ्याने निवडली आहे. कल खरा असेल तर त्याला अर्थ असणार. मात्र दिशेला अर्थ असणे वेगळे आणि दिशेने निरीक्षण करणे वेगळे. मृताचे डोके कुणीकडे ठेवायचे याचे नियम आजही घरोघर पाळले जातात. त्यावरून स्मशानाला कोणी वेधशाळा म्हणत नाही. या कल्पनेची खरी परीक्षा सोपी आहे: जुनापाणीत सापडलेल्या दिशा आधी लिहून ठेवायच्या आणि मग दुसऱ्या स्थळी, न मोजलेल्या वर्तुळांवर, त्या पडताळायच्या. तोवर कल म्हणजे कल, दुर्बीण नव्हे.

मग ही वर्तुळे होती तरी काय? खोदून पाहिल्यावर याचे उत्तर पुन्हा पुन्हा तेच आले आहे. दगडांच्या कड्याच्या आत मुरूम आणि गोट्यांचा भराव, त्याखाली मानवी अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे. म्हणजे दगडांचे कडे हे दफनाची वेस. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशी स्थळे एकामागून एक उकलली. माहूरझरीत घोड्यांचे अवशेष निघाले आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साजही. आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेल्या कुऱ्हाडी ही तर विदर्भाची खूणच ठरली. आणि नायकुंडला वस्तीच्या भागात सापडली ती बाकदार विटांची लोखंड गाळायची भट्टी, सोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळी. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासचा. ज्या लोकांना मातीतून लोखंड काढायला लागणारी आच सांभाळता येत होती, त्यांना बुद्धिमान ठरवण्यासाठी आकाशाची साक्ष काढायची गरज काय?

कोणी म्हणेल, ‘स्टोनहेंज’ या नावामुळे लोक येतात, लक्ष जाते, दगड तरी वाचतात. हा युक्तिवाद उलटा पडतो. वेधशाळा म्हटली की सर्वांत देखणे, अखंड वर्तुळ तेवढे जपावेसे वाटते आणि उरलेली शंभर ‘सामान्य’ ठरतात. पण पुरावा या शंभरांच्या समूहातच आहे: कोणती वर्तुळे मोठी, कोणात घोडा, कोणात नुसती मडकी, वस्ती किती दूर. त्यातही आपली नजर आधीच फसलेली आहे. वर्तुळे मुख्यतः मुरमाड माळावर दिसतात ती बांधणाऱ्यांनी माळच निवडला म्हणून, की काळ्या जमिनीतली नांगराने उचलली म्हणून, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या दगडाचे महत्त्व त्याला कोणी सांगितलेच नाही, तो बांधावर टाकणे हेच शहाणपणाचे. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो उत्तरायणाच्या पहाटे पर्यटक आणण्यावर नको, गावोगाव शिवार फिरून प्रत्येक वर्तुळाची जागा, व्यास आणि दगडांची संख्या नकाशावर उतरवण्यावर हवा. शेतकऱ्याला त्याची एक प्रत मिळावी. त्यातून एखादी वेधशाळा निघालीच, तर तिच्यावर विश्वास ठेवायला तेव्हा आकडे तरी हाती असतील.