इलेक्ट्रॉनचा माग

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या परिसरातून निघालेली ५०० किलोव्होल्टची वाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटर धावून भिवंडीजवळच्या पडघ्याला पोचते. कोळशाचा धूर आणि राख इथल्या लोकांनी सोसायची, आणि त्या विजेतला काही भाग वाटेत तारा तापवण्यात संपायचा, हे मला फार बोचतं.

अतिवाहकात ही गळती नसते, पण त्याला अतिशय थंड ठेवावं लागतं. १९८६ साली झुरिचमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ती किमया सापडली. वर्षभरात उणे १८० अंशांच्या आसपासही टिकणारं संयुग मिळालं, म्हणजे थंड ठेवायला स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेसा झाला. जर्मनीत एसेन शहरात २०१४ साली अशी केबल शहराच्या वीजपुरवठ्यात जोडली गेली. लांबी एक किलोमीटर. थंड न करता चालणारी तार हवी, तर आधी कळायला हवं की या पदार्थांत इलेक्ट्रॉन एकमेकांशी जोडी जमवतात ती कशाच्या जोरावर.

ताडोबाच्या जंगलात माग काढणारा माणूस वाघ न दिसताही धुळीतल्या ठशांवरून त्याची चाल ओळखतो. प्रकाश-उत्सर्जन वर्णपटमापनात तेच होतं. स्फटिकावर अतिनील किरण टाकले की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. यामागचं कारण आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितलं होतं. उडालेल्याची ऊर्जा आणि कोन मोजला, की तो आत असताना कुठे, किती वेगाने निघाला होता ते कळतं. आलेखातली रेषा रेखीव असेल तर तो बराच काळ न धडकता धावला. पसरट असेल तर लवकरच कशाशी तरी भिडला.

पण हे इलेक्ट्रॉन अणूंच्या वरच्या मोजक्या थरांतूनच सुटतात. वळिवाच्या एका सरीने ठसे पुसावेत, तसा पृष्ठभागावर बसलेला वायूचा एक थर सगळं बिघडवतो. म्हणून स्फटिक निर्वातातच सोलतात, तेही चिकटपट्टीसारख्या साध्या साधनाने!

याच पद्धतीने १९९३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाला तांब्याच्या ऑक्साइडमध्ये दिसलं की जोडीची ताकद दिशेनुसार बदलते. एका दिशेला सर्वाधिक, तिच्याशी ४५ अंशांवर जवळपास शून्य. मग २००१ च्या सुमारास आणखी विलक्षण खूण मिळाली. सरळ जाणारी रेषा ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एकदम वाकते, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनला कुणीतरी मागे ओढतं, तो जड होतो. काहींच्या मते ही अणूंची थरथर, काहींच्या मते चुंबकीय हेलकावे. वाद अजून मिटलेला नाही.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशाच मोजमापांची प्रयोगशाळा आहे. चंद्रपूरहून निघालेली वाहिनी पडघ्याला संपते, तिथून ही प्रयोगशाळा फार दूर नाही.