रुग्णालयाची कार्यसंस्कृती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

या अहवालाच्या आकडेवारीच्या पानांवर, औषध देताना झालेल्या आणि होता होता टळलेल्या चुकांची संख्या गतवर्षापेक्षा अधिक दिसेल. ती पाहून हितचिंतकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गतवर्षी एका रात्रपाळीत एका तरुण परिचारिकेस औषधाच्या मात्रेविषयी शंका आली. डॉक्टरांना झोपेतून उठविले तर ते रागावतील, या धास्तीने तिने दूरध्वनी केला नाही आणि लिहिलेली मात्रा दिली. मात्रा खरोखरच जास्त होती. सुदैवाने रुग्णास अपाय झाला नाही. नातेवाइकांना सर्व हकिगत सांगण्यात आली. चौकशीत ती एवढेच म्हणाली, "विचारायचे धाडस झाले नाही." तिच्याजवळ ज्ञान होते. उणीव आमच्या कार्यसंस्कृतीत होती.

कार्यसंस्कृती म्हणजे भिंतीवरील ध्येयवाक्ये नव्हेत. अडचणीच्या क्षणी कनिष्ठ माणूस वरिष्ठास निर्भयपणे काय सांगू शकतो, यावर ती ठरते. ताळेबंदात इमारत व यंत्रसामग्री दिसते. ही बाब दिसत नाही.

मग ती जाणून कशी घ्यावी? आमच्याकडे सूचनापेटी होती, पण तिची किल्ली प्रशासनाकडेच असल्याने तीत चहाच्या तक्रारींपलीकडे फारसे काही येत नसे. म्हणून या वर्षी सर्व कर्मचाऱ्यांकडून निनावी अभिप्राय मागविले आणि त्यांच्या वर्गीकरणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले. ही संगणकप्रणाली केवळ शब्द मोजत नाही, वाक्यांचा आशय ताडून पाहते. "साहेब रागावतील", "उगाच बोलणी खावी लागतात", "गप्प बसलेले बरे" ही वेगवेगळ्या विभागांतील वाक्ये तिने एकत्र आणली. आम्ही ती सुटी सुटी वाचली असती, तर प्रत्येक वाक्य एखाद्याचे गाऱ्हाणे म्हणून बाजूला पडले असते. यांतील बहुतेक अभिप्राय रात्रपाळी व पाळीबदलाच्या वेळेविषयी होते, हेही त्यातून स्पष्ट झाले.

अशा पद्धतीचा वापर अन्यत्रही झाला आहे. अमेरिकेतील डोनाल्ड सल व सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांच्या लेखी अभिप्रायांचे संगणकीय विश्लेषण केले होते. नोकरी सोडण्याचे प्रमाण वर्तविण्यात दूषित कार्यसंस्कृती हा घटक वेतनापेक्षा सुमारे १० पट प्रभावी असल्याचे त्यांना आढळले. अनुभवी परिचारिका टिकवून ठेवणे किती कठीण आहे, हे जाणणाऱ्यांस याचे महत्त्व सांगावयास नको.

या साधनाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. "फारच छान व्यवस्था आहे आमची!" या उपरोधास प्रणालीने स्तुती मानले. त्यामुळे प्रत्येक गटातील मूळ अभिप्राय आमच्या समितीने स्वतः वाचले. माणसाने जे लिहिलेच नाही, ते यंत्रास वाचता येत नाही.

सर्वांत मोठा धोका विश्वासभंगाचा. ऐकण्याचे साधन पाळत ठेवण्याचे साधन झाले, तर होते ते बोलणेही थांबेल. यास्तव काही नियम केले आहेत. नावे व ओळखीच्या खुणा काढूनच अभिप्राय प्रणालीस दिले जातात. लहान विभागांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे काढले जात नाहीत. बढती वा शिस्तभंगासाठी त्यांचा उपयोग होत नाही. रुग्णांची माहिती यात मुळीच वापरली जात नाही. चेहऱ्यावरून कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणारी यंत्रेही बाजारात आहेत. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, कामाच्या ठिकाणी त्यांच्या वापरास मनाई केली आहे. आम्हीही ती घेतलेली नाहीत.

निष्कर्षांनंतर केलेले उपाय साधे आहेत. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका १० मिनिटे एकत्र बसतात. शंका आल्यास रात्री डॉक्टरांना दूरध्वनी करणे हे कर्तव्य असल्याचे लेखी परिपत्रक काढले असून त्यावर ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वाक्षऱ्या केल्या आहेत. स्वतःहून कळविलेल्या चुकीस शिक्षा नाही. लपविलेली चूक मात्र गंभीर मानली जाते.

आता त्या वाढलेल्या आकड्याविषयी. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील ८ विभागांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. उत्तम नेतृत्व व सलोखा असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चुका अधिक होत नसून त्या उघडपणे सांगितल्या जात असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. आमच्या आकड्याचे कारणही हेच असावे, असे आम्हांस वाटते; पण एका वर्षावरून तसा दावा करणे योग्य नव्हे. रुग्णास प्रत्यक्ष अपाय झालेल्या घटना पुढील वर्षापासून आम्ही स्वतंत्र रकान्यात देऊ, म्हणजे खरे-खोटे आपणांसच पडताळता येईल.

विश्वस्त मंडळाने हा आकडा जसाच्या तसा छापण्यास संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. रुग्णांच्या नातेवाइकांनाही विनंती, की औषधाविषयी शंका वाटल्यास निःसंकोच विचारावे. आपल्या प्रश्नाचा कोणासही राग येणार नाही, याची जबाबदारी आमची.