बायोटिनची शेपटी आणि निसटती ओळख

मागच्या व्याख्यानात आपण ‘ओळखणे’ या क्रियापदापाशी थांबलो होतो. आज तेच क्रियापद रक्तातल्या टी-पेशीला लावून बघू. ही पेशी अख्खा विषाणू ओळखत नाही. दुसऱ्या पेशीने एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत विषाणूच्या प्रथिनाचा एक बारीक तुकडा धरून दाखवला, की तिचा रिसेप्टर तेवढाच तपासतो. प्रत्येक पेशीघराण्याचा रिसेप्टर वेगळा. मग रक्ताच्या एका नमुन्यात नेमक्या एका विषाणूच्या पेशी किती, हे मोजायचं कसं?

सोपं वाटतं. एचएलए आणि तुकडा प्रयोगशाळेत बनवा, त्याला चमकणारा रंग लावा, रक्तात मिसळा. पण हे चालत नाही, कारण ही पकड फार सैल असते, काही सेकंदांत सुटते. धुवायला गेलं की रंगही गेला! रानातून चालताना एक कुसळ कपड्याला लागलं तर झटकून टाकता येतं, पण चार एकदम रुतली की? एक सुटेपर्यंत बाकीची तीन धरून असतात.

1996 साली जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांनी एचएलए प्रथिनाच्या शेवटाला सुमारे 15 अमिनो आम्लांची एक शेपटी जनुकातच जोडून दिली. दोन प्रथिनं अशी सलग एका साखळीत आली, की त्याला फ्यूजन प्रथिन म्हणतात. ई. कोलाय जिवाणूचं बिरए नावाचं विकर ही शेपटी ओळखतं आणि तिच्यातल्या एकाच लायसिनवर बायोटिन बसवतं. बायोटिन म्हणजे आपलं बी-7 जीवनसत्त्व. त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन चार जागांचं आहे, म्हणून चार एचएलए एका गाठीत येतात. (अंड्याच्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन याचंच भावंड, रोज कच्चं पांढरं खाणाऱ्याला बायोटिनची कमतरता होऊ शकते ती त्यामुळे.) रंग स्ट्रेप्टाव्हिडिनला लावायचा, झालं टेट्रामर.

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना खरी गंमत इथे वाटते. बायोटिन साध्या रसायनानेही चिकटवता येतं, पण ते मिळेल त्या लायसिनवर बसतं. ते ओळखीच्या तोंडावरच बसलं तर? मग पेशी चिकटली नाही याचा अर्थ ‘ओळख नाही’ असा घ्यायचा, की ‘आपणच तोंड झाकलं’ असा? शेपटी विरुद्ध टोकाला असल्याने ही शंका बरीच मिटते. तरी भलत्याच तुकड्याचं टेट्रामर शेजारी ठेवून ताडून बघावंच लागतं.

याने चित्र किती बदललं बघा. संसर्गात फुगलेल्या सीडी8 पेशींपैकी बहुतेक नुसत्या गर्दीत सामील झालेल्या असतात, असा समज होता. 1998 मध्ये रफी अहमद यांच्या गटाने उंदरांतल्या एलसीएम विषाणूवर मोजलं, तर सक्रिय सीडी8 पेशींपैकी 50 ते 70 टक्के त्याच विषाणूसाठीच्या निघाल्या. जुन्या पद्धती पेशी वाढवून मोजत. ज्या वाढल्या नाहीत त्या हिशेबातच नव्हत्या.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली. दीर्घ संसर्गात टेट्रामर ज्यांना छान चिकटतं, अशा काही पेशी विषाणूविरुद्ध काहीच करत नव्हत्या. रिसेप्टर जागेवर, ओळख शाबूत, कृती शून्य. टेट्रामर फक्त पहिल्या दोन गोष्टी सांगतं. तिसरीसाठी पेशीला डिवचून ती इंटरफेरॉन बनवते का, हे वेगळं तपासावं लागतं.