टंचाईच्या बाजारात कॉम्प्युटरचं कार्ड घेताना

मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रापुढे लागणारी रांग तुम्हाला नवी नाही. हव्या त्या वाणाची पिशवी नाही, डीएपीची गाडी 'उद्या येणार' असते, आणि दुकानदार हळूच म्हणतो, "एक गोणी देतो, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल." याला आपण लिंकिंग म्हणतो. या रांगेत उभं राहून आपण पुष्कळ शिकलो आहोत. पण तोच शहाणपणा दुसऱ्या दुकानात गेलो की विसरतो. आज तेच सांगायचं आहे, आणि विषय थोडा वेगळा आहे : कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड.

शेतीच्या पानावर हे काय काढलं, असं म्हणू नका. गावोगावची पोरं आता लग्नाचे व्हिडिओ जोडतात, ड्रोनने काढलेल्या फोटोंचे नकाशे करतात, ॲनिमेशन शिकतात. त्यांना हे कार्ड लागतं, आणि त्याचे पैसे आपल्या सोयाबीनमधून, कांद्यामधून जातात.

आमच्या घरची गोष्ट

२०२१ सालची गोष्ट. माझा पुतण्या पुण्यात व्हिडिओ एडिटिंग शिकून गावी आला. कॉम्प्युटर होता, त्यात चांगलं कार्ड टाकायचं होतं. त्याने नाव सांगितलं, आरटीएक्स ३०६०. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा कंपनीने भारतातली सुरुवातीची किंमत २९,५०० रुपये जाहीर केली होती. आम्ही शहरातल्या दुकानात गेलो तर भाव निघाला ६५ हजार. वर अट अशी की नुसतं कार्ड मिळणार नाही, पूर्ण कॉम्प्युटर घ्या. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर आणखी वाढतील."

दादा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, जुनं बघू. मोबाईलवर एकाची जाहिरात सापडली. जीटीएक्स १०५० टीआय, १४ हजार रुपये, पैसे आधी. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकलं होतं. पाच हजारांच्या आतला भाव, म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन गेलं. पार्सल आलं, कार्ड बसवलं, नावही बरोबर दिसलं. पण काम काही होईना. तालुक्याच्या एका जाणकार पोराने तपासलं तेव्हा कळलं, आतली चिप दहा वर्षांपूर्वीची होती. फक्त तिच्यात नाव नव्या कार्डाचं भरलेलं होतं. विकणाऱ्याचा फोन बंद.

दादा एक शब्द बोलले नाहीत. वहिनी मात्र म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर गावोगाव सांगता, पिशवीची पावती आणि लेबल जपून ठेवा म्हणून." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून हा लेख.

हे कार्ड असतं काय?

कॉम्प्युटरमधला प्रोसेसर म्हणजे चार-सहा कसबी गडी. कोणतंही अवघड काम सांगा, करतील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खुरपणीला उतरलेली मोठी टोळी. प्रत्येकाचं काम लहान आणि सोपं, पण सगळे एका वेळी करतात. आरटीएक्स ३०६० मध्ये असे ३,५८४ कामकरी असतात, त्यांना कोअर म्हणतात. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवायचे तर अशी टोळीच पाहिजे.

टंचाई कशी पडली?

२०२० मध्ये कोरोना आला. शाळा, कचेऱ्या घरात आल्या आणि जगभर कॉम्प्युटरची मागणी एकदम वाढली. त्यातच इथेरियम नावाच्या आभासी चलनाचा भाव चढला. हे चलन मिळवण्यासाठी त्या वेळी ग्राफिक्स कार्डावर रात्रंदिवस गणितं चालवावी लागत. लोकांनी शेड उभारून शेकडो कार्डं लावली. उरलेला माल साठेबाजांनी उचलला. इंटरनेटच्या दुकानात माल आला की त्यांचे प्रोग्रॅम काही क्षणांत तो विकत घ्यायचे आणि दुप्पट भावाने काढायचे. आपल्याकडे कपाशीच्या गाजलेल्या वाणाचं होतं, तसंच.

मग कारखान्यांनी माल वाढवला का नाही? चिप तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं. मोसंबीची बाग आज लावली म्हणून उद्या फळ मिळत नाही, त्यातला प्रकार. जगातल्या चांगल्या चिपांपैकी बऱ्याच एकट्या तैवानात होतात. तिथली गोष्ट आपल्याला जवळची वाटेल.

२०२० साली तैवानच्या किनाऱ्याला एकही तुफान धडकलं नाही. ५६ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तिथला बराचसा पाऊस या तुफानांबरोबर येतो. धरणं आटली. चिप धुवायला अतिशय शुद्ध पाणी लागतं, आणि तेही भरपूर. सरकारने कारखान्यांचं पाणी चालू ठेवण्यासाठी हजारो हेक्टर भातशेतीचं सिंचन बंद केलं. शेतकऱ्यांना भरपाई देऊन रानं पडीक ठेवायला सांगितली. २०२१ मध्ये तिथली सर्वांत मोठी चिप कंपनी टीएसएमसी टँकरनेही पाणी आणत होती. उन्हाळ्यात आपल्या वाडी-वस्तीवर टँकर येतो, तसा चिपच्या कारखान्यावर टँकर! धरणातलं पाणी आधी कोणाला, हा प्रश्न तिथेही शेतकऱ्याच्याच बांधावर येऊन थांबला.

टंचाईचा भाव टिकत नाही

हे शेतकऱ्याला सांगायला नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. नवा माल आला तोवर भाव निम्म्यावर. कार्डाचंही तेच झालं. २०२२ मध्ये आभासी चलनांचे भाव कोसळले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डावर गणितं चालवण्याची गरज संपली. शेडमधली जुनी कार्डं ढिगाने विकायला आली. नव्यांचे भावही उतरले. ज्या कार्डाला आम्हाला ६५ हजार सांगितले होते, ते त्या दिवाळीला पुतण्याने ३५ हजारांच्या आत घेतलं. नवं, पक्क्या बिलाचं.

मधलं वर्ष त्याने कसं काढलं? डीएपी मिळालं नाही म्हणून आपण पेरणी थांबवत नाही. एका गोणी डीएपीऐवजी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि वीस किलो युरिया देतो. नत्र-स्फुरद तेवढंच जातं, वर गंधक मिळतं. तसाच त्यानेही मार्ग काढला. त्याच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्येच थोडी ग्राफिक्सची सोय होती. मोठ्या व्हिडिओची आधी हलकी नक्कल करून घ्यायची, काटछाट तिच्यावर करायची, शेवटी मूळ व्हिडिओ रात्रभर तयार व्हायला लावायचा. वेळ लागला, पण लग्नसराई बुडाली नाही.

आता हे पुन्हा सांगायचं कारण असं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपांची टंचाई सुरू झाली. या वेळी ओढ आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरांची. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये, किरकोळ ग्राहकांसाठी 'क्रूशियल' नावाने होणारा मेमरीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, म्हणजे त्याची झळ कार्डालाही बसते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

घेण्यापूर्वी

१) गरज तपासा. पत्र टाइप करणं, हिशेब, ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन क्लास यांना वेगळं कार्ड लागतच नाही. व्हिडिओ, ड्रोनचे नकाशे, थ्रीडी काम आणि मोठे गेम यांना लागतं. पोराला सरळ विचारा, "यावर काम कोणतं करणार? त्या कामाला कमीत कमी कोणतं कार्ड चालतं?" माती परीक्षण न करता खत टाकू नये, तसंच हे.

२) मूळ भाव माहीत करून घ्या. कार्ड बाजारात आलं तेव्हा कंपनीने किती किंमत जाहीर केली होती, ते आधी बघा. खत जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतं, कार्डाला तसं संरक्षण नाही. खोक्यावरच्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही हे खरं, पण हा एमआरपी आयातदार छापतो आणि तो पुष्कळदा बाजारभावाच्या कितीतरी वर असतो. म्हणून 'एमआरपीपेक्षा दहा हजार कमी' या बोलण्याला भुलू नका. तीन-चार ठिकाणी विचारा.

३) लिंकिंग ओळखा. कार्डाबरोबर नको असलेला मॉनिटर, हलका पॉवर सप्लाय गळ्यात मारला जातो. प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव कागदावर मागा. पूर्ण कॉम्प्युटर घ्यायचाच असेल तर कधीकधी तोच सौदा स्वस्त पडतो, पण बेरीज स्वतः करा.

४) बिल घ्याच. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, कार्डाचं पूर्ण नाव आणि अनुक्रमांक हवा. बियाण्याच्या पावतीवर लॉट नंबर पाहता ना, तसा. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का ते दुकानातच बघा. वॉरंटी त्यावरच चालते. पार्सल आलं तर उघडताना सुरुवातीपासून मोबाईलवर व्हिडिओ काढा.

५) जुनं घेताना डोळ्यासमोर चालवून घ्या. बैल बाजारात चालवून बघतो, दात बघतो, तसं. 'जीपीयू-झेड' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो कार्डाच्या आतली खरी चिप दाखवतो आणि बऱ्याच बनावट कार्डांना नकली म्हणून खूणही करतो. अर्धा तास जड काम देऊन पाहा. पंखा घरघरतो का, पडद्यावर रेघा येतात का? आधी पैसे पाठवा म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आम्ही तिथेच फसलो.

६) विजेचा विचार करा. आरटीएक्स ३०६० साठी साधारण ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सांगतात. आपल्या गावात व्होल्टेज खालीवर होतं, मधेच लाईट जाते. चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस यांचे पैसे धरूनच हिशेब करा. हजार-दीड हजार वाचवायला जाऊन तीस हजारांचं कार्ड जाळू नका. मोटार घेताना स्टार्टरवर काटकसर करत नाही ना?

७) थांबता येत असेल तर थांबा. पोराच्या हाताला आज काम आहे, आणि वर्षात कार्डाचे पैसे निघतील, असा हिशेब कागदावर बसत असेल तर चढ्या भावानेही घ्यायला हरकत नाही. नुसती हौस असेल तर भाव उतरेपर्यंत दम धरा. व्याजाने पैसे काढून तर मुळीच घेऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीचं दप्तर, दाखले, ऑनलाइन नोंदी यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोटेशनमध्ये ते दिसलं तर कशासाठी, हे पुरवठादाराला विचारा. शाळेच्या संगणक कक्षालाही साध्या कामासाठी गरज नसते. त्या पैशात एखादा कॉम्प्युटर जास्त बसेल. जिथे खरंच लागतं, तिथे नुसतं 'ग्राफिक्स कार्ड' असं मोघम न लिहिता नाव, मेमरी आणि वॉरंटीची वर्षं लिहा. माल उतरल्यावर अनुक्रमांक साठा नोंदवहीत चढवा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वस्तू पुण्या-मुंबईहून मागवली असली तरी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. पण हातात बिल पाहिजे. ओळख नसलेल्या माणसाला फोनवरून पैसे पाठवून फसलात तर उशीर न करता सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर कळवा. आम्ही लाजेखातर आठ दिवस घालवले, आणि तेवढ्यात सगळं हातचं गेलं.

ते नकली कार्ड दादांनी फेकलं नाही. बियाण्याच्या जुन्या पावत्या ज्या डब्यात असतात, त्यातच ठेवलंय. या वर्षी पुतण्या नवा कॉम्प्युटर बघायला निघाला, तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "बिल देणार का तो?"

तुम्हीही पहिला प्रश्न तोच विचारा.